मागे सोडलेले काम : कमांड लाइनवरून चालणाऱ्या आभासी जॉबविषयी



लकडगंजात व्याख्यान ठरले तेव्हा संयोजकांनी आम्हांला विषय विचारला. आम्ही म्हटले, संगणकाला काम सांगून आपण उठून गेलो की त्या कामाचे पुढे काय होते, हा विषय. ते जरा गप्पच झाले. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाकडून गीता, ज्ञानेश्वरी, फार तर शंकराचार्य, एवढीच अपेक्षा असते. पण आज शंकराचार्यही येतील, थोडा धीर धरा. आधी आपण आपल्या पेठेतूनच सुरुवात करू.

लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. आलापल्लीकडचे सागवान असो की साधे लाकूड, ते इथे आरा मशीनवर येते. आता गिऱ्हाईक काय करते? ओंडका उतरवून घेते, खडूने खुणा करते, इतक्या इंचाच्या फळ्या, इतके चौकटीचे तुकडे असे चिठ्ठीवर लिहून देते आणि समोर चहाला जाते. मशीन सुरू असताना ते तिथे उभे नसते. तरी काम त्याचेच चाललेले असते. तासाभराने येऊन विचारते, "झालं का आमचं?" या "आमचं" शब्दात आजचा सगळा विषय आहे. ज्या कामापाशी आपण नाही, ते काम आपले कसे?

प्रोग्रॅम वेगळा, प्रोसेस वेगळी

पहिला भेद पक्का करून घेऊ. प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवर पडलेली एक फाइल. पुरणपोळीची कृती वहीत लिहिलेली असते तशी. वही कपाटात असताना कोणाचे पोट भरत नाही. ती कृती उघडून कोणी कणीक मळायला घेतली की 'करणे' सुरू होते. संगणकात या करण्याला प्रोसेस म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम ती फाइल स्मृतीत आणते, तिला एक क्रमांक देते, ती कोणाच्या नावावर आहे हे नोंदवते, आणि तिच्या पाळीची व्यवस्था लावते. एकाच कृतीवरून एकाच वेळी चार घरांत पुरणपोळ्या होऊ शकतात, तसे एकाच प्रोग्रॅमच्या चार प्रोसेस चालू शकतात. नैयायिकांच्या भाषेत जाती आणि व्यक्ती असे म्हणायचा मोह होतो. पण जाती डिस्कवरून पुसता येत नाही आणि प्रोग्रॅम पुसता येतो, तेव्हा उपमा तिथेच सोडून द्यावी.

जॉब हा शब्द यापेक्षा जुना. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६४ साली तिथे 'सीडीसी ३६००' हे मोठे यंत्र आले. त्या पिढीच्या मोठ्या यंत्रांवर काम करायची पद्धत अशी होती : प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, एका कार्डावर ऐंशी रकाने. त्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि घरी जायचे. असे गठ्ठे एकामागून एक यंत्रात जात. एक गठ्ठा म्हणजे एक जॉब. दुसऱ्या दिवशी छापील कागद हातात यायचा. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर त्या कागदावर उत्तराऐवजी चूक छापलेली असायची आणि एक दिवस गेलेला असायचा. आरा मशीनचाच प्रकार, नाही का?

एक यंत्र, अनेक मालक

मग प्रश्न आला की महागडे यंत्र एका वेळी एकाच्याच ताब्यात का द्यायचे? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली कालविभाजनाचे प्रात्यक्षिक दाखवले. आपले नागपूर हे दिव्या देशमुखचे गाव, तेव्हा बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. ग्रँडमास्टर एकटा वीस मुलांशी एकाच वेळी खेळतो. एका पटापाशी जातो, एक चाल करतो, पुढच्या पटाकडे सरकतो. प्रत्येक मुलाला वाटते की तो माझ्याशी खेळतो आहे. आणि खोटे काय आहे त्यात? खेळतोच आहे. फक्त मुलगा विचार करत असताना तो दुसरीकडे असतो. प्रोसेसर हेच करतो, पण सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यांत. म्हणून प्रत्येक प्रोसेसला सगळा प्रोसेसर आपलाच वाटतो. स्मृतीचेही तसेच. प्रत्येकीला आपली स्वतंत्र, सलग स्मृती आहे असे दिसते. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यांनी भलतीकडे ठेवलेली असते.

या 'दिसण्या'ला इंग्रजीत व्हर्च्युअल म्हणतात आणि आपण मराठीत 'आभासी' म्हणून मोकळे होतो. आमची तक्रार इथे आहे. आभास म्हटले की खोटेपणा आला. दोरीवर साप दिसला तो आभास. दिवा आणला की साप गेला. हे शांकरमतातले प्रातिभासिक. पण व्हर्च्युअल या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'विर्तुस' आहे, म्हणजे सामर्थ्य, गुण. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०२ साली बाल्डविनच्या तत्त्वज्ञानकोशात या शब्दाची नोंद लिहिली. तिचा आशय असा की जी वस्तू अमुक नाही, पण अमुकचे काम बजावण्याचे सामर्थ्य जिच्यात आहे, ती व्हर्च्युअल अमुक. म्हणजे भर खोटेपणावर नसून कार्यावर आहे. मुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूस तुम्ही नसतो. पण त्याने सही केली की घर विकले जाते! ते काही दिवा लावून परत येत नाही. म्हणून आमच्या मते हे प्रातिभासिकाच्या कप्प्यात न टाकता व्यावहारिकाच्या कप्प्यात ठेवावे.

याचे आमचे आवडते उदाहरण आयबीएमच्या 'व्हीएम ३७०' या १९७२ सालच्या प्रणालीचे. तिच्यात प्रत्येकाला एक अख्खा संगणक मिळे, अर्थात व्हर्च्युअल. त्या संगणकाला व्हर्च्युअल कार्ड वाचक आणि व्हर्च्युअल कार्ड पंचही असत. कमांड देऊन तुम्ही आपला जॉब पंचकडे पाठवायचा, तो दुसऱ्याच्या कार्ड वाचकात जाऊन पडायचा. पुठ्ठ्याचे एकही कार्ड नाही, पण कार्डांचा सगळा व्यवहार जसाच्या तसा. वस्तू गेली, व्यवहार राहिला.

कमांड लाइनवरचे मागचे काम

आता घरच्या संगणकाकडे येऊ. आमच्याकडचा जुना संगणक आहे, त्यावर नातवाने लिनक्स घालून दिले. लिनक्स हे युनिक्सच्या वळणाचे, आणि युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, बेल प्रयोगशाळेतला. काळ्या खिडकीत आपण कमांड टाइप करतो, एंटर दाबतो, आणि काम संपेपर्यंत ती खिडकी अडकून राहते. हे पुढ्यातले काम. पण त्याच कमांडच्या शेवटी 'अँड'ची ती गाठीसारखी खूण टाकली, जिला अँपरसँड म्हणतात, की काम मागे जाते. खिडकी लगेच मोकळी होते, आणि दोन आकडे छापून येतात. पहिला चौकटी कंसातला, तो या खिडकीपुरता जॉब क्रमांक. दुसरा मोठा, तो सबंध यंत्रातला प्रोसेस क्रमांक. दवाखान्यातले टोकन आणि आधार क्रमांक यांत जो फरक, तोच इथे.

'जॉब्स' अशी कमांड दिली की या खिडकीच्या हाताखालची कामे दिसतात : कोणते चालू, कोणते थांबलेले, कोणते संपले. पुढ्यातले काम मध्येच बाजूला ठेवायचे असेल तर कंट्रोल आणि झेड. काम मरत नाही, जिथे होते तिथे थिजते. मग 'बीजी' म्हटले तर ते मागे चालू लागते, 'एफजी' म्हटले तर पुन्हा पुढ्यात येते. अनेक कामे असतील तर टक्क्याची खूण आणि जॉब क्रमांक द्यायचा. कंट्रोल आणि सी मात्र वेगळे. ते कामाला 'आटप' म्हणून सांगणे आहे, आणि बहुतेक कामे ते ऐकतात. थिजवण्याची ही सोय मूळ युनिक्समध्ये नव्हती. ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेत जिम कल्प यांनी ती रचली आणि १९८०च्या सुमारास ती बर्कलेच्या युनिक्समधून सर्वत्र गेली.

थिजलेल्या कामाला आमचे एक विद्यार्थी सुषुप्ती म्हणतात. चालत नाही, जाणत नाही, पण उठले की तिथूनच पुढे. उपमा बरी आहे. परीक्षेत मात्र लिहू नका.

आता एक घोळ. काम मागे टाकले, निर्धास्त झालो आणि ती काळी खिडकीच बंद केली. काम मेले! का? जुन्या काळी माणूस टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी जोडलेला असे. तार तुटली, फोन ठेवला गेला, की संगणक त्याच्या कामांना इशारा पाठवी : तुमचा धनी गेला. या इशाऱ्याचे नावच 'हँगअप', क्रमांक १. आज तार नाही, फोन नाही, पण खिडकी बंद झाली की तोच इशारा जातो, आणि ज्याने वेगळी तजवीज केलेली नाही ते काम तिथेच संपते. पुन्हा तेच : वस्तू गेली, व्यवहार राहिला.

यावर उपाय 'नोहप' ही कमांड. तिचा अर्थ एवढाच की कामाला आधीच सांगून ठेवायचे, हँगअपचा इशारा आला तर मनावर घेऊ नकोस. ती कामाला स्वतः मागे टाकत नाही, शेवटची अँपरसँडची खूण तुम्हालाच द्यावी लागते. पडद्यावर जे छापले गेले असते ते मग एका फाइलमध्ये साठते. दुसरा उपाय 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' यांसारखे प्रोग्रॅम. ते एक व्हर्च्युअल खिडकीच उभी करतात. तुम्ही तिच्यापासून सुटे होऊन घरी जा, उद्या येऊन पुन्हा जोडून घ्या, आतले काम चालूच असते.

आणि धनी गेल्यावर उरलेल्या कामाचे पालक कोण? युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी एक प्रोसेस असते. ती आधी संपली तर पोरके झालेले काम बहुधा क्रमांक १ची प्रोसेस दत्तक घेते. यंत्र सुरू होताना पहिली उठते ती हीच. उलट बाजूही आहे. मूल संपले, पण पालकाने त्याचा निकाल घेतलाच नाही, तर ते नाव यादीत राहते. जीव नाही, फक्त नोंद. त्याला म्हणतात झोंबी. रेशन कार्डावर गेलेल्या माणसाचे नाव राहते तसेच.

प्रश्न विचारू न शकणारे काम

इथवर सगळे सोयीचे झाले. आता आमची चूक सांगतो. विषय घ्यावासा वाटला तो या चुकीमुळेच.

एका जुन्या व्याख्यानमालेच्या कॅसेटी आमच्याकडे आल्या होत्या, दोन खोक्यांत. बोलणारे बहुतेक आता हयात नाहीत. फिती खराब होत चाललेल्या. आम्ही ठरवले, आपल्या हाताने हे काम करायचे. एकेक कॅसेट वाजवून तिची नोंद संगणकात घ्यायची, आणि रात्री त्या जड फाइलींच्या लहान फाइली करायच्या. त्यासाठी 'एफएफएमपेग' नावाचा फुकट मिळणारा उत्तम प्रोग्रॅम आहे. आदल्या दिवशी चाचणी म्हणून चार फाइली केल्या. रात्री सगळ्यांची यादी लावली, शेवटी अँपरसँड, आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर 'जॉब्स'मध्ये लिहिलेले : थांबलेले. एकही फाइल झालेली नाही. झाले असे की पहिल्याच फाइलला प्रोग्रॅमने विचारले, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? ती आदल्या दिवशीची चाचणीची फाइल. पण मागे टाकलेल्या कामाला कीबोर्डवरून वाचण्याची मुभा नसते. ते वाचायला गेले की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला थिजवते. नियम योग्यच आहे, नाहीतर तुम्ही पुढ्यात टाइप केलेले मागचे काम गिळून बसेल. तर ते बिचारे रात्रभर आमच्या एका अक्षराची वाट पाहत होते.

आम्हांला राग आला. माहितीपुस्तिकेत सापडले की कमांडमध्ये आडवी रेघ आणि 'वाय' दिला की प्रोग्रॅम विचारतच नाही, सगळ्याला 'होय' समजतो. आम्ही विचार केला, आधीच्या चार फाइली तर चाचणीच्या, त्यांच्यावर लिहिले तर बिघडते काय? दिला 'वाय', लावले नोहप, आणि डिस्कवर जागा कमी म्हणून एक ओळ अशीही घातली की लहान फाइल झाली की मूळ जड फाइल पुसून टाक. सकाळी सगळे झाले होते. आम्ही खूश.

तीन आठवड्यांनी आमच्या गुरुजींच्या मुलीचा फोन आला. तर्कशास्त्र आम्ही त्यांच्याकडे शिकलो. "बाबांचा आवाज आहे म्हणता ना तुमच्याकडे, ऐकवाल का?" आम्ही सात क्रमांकाची फाइल लावली. आवाज भलत्याच माणसाचा. दोन्ही खोक्यांत सात क्रमांकाची कॅसेट होती. मूळ फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत होत्या, पण लहान फाइली एकाच फोल्डरात जात होत्या. दुसरी सात पहिल्या सातवर लिहिली गेली. जड फाइल आमच्या सूचनेप्रमाणे पुसलेली. आणि कॅसेट? नोंद घेतानाच तिची फीत शेवटी गुंतून तुटली होती. नोंद झालीच आहे म्हणून आम्ही ती टाकून दिली होती.

गुरुजींचा आवाज आता कुठेही नाही. त्यांच्या मुलीला आम्ही खरे ते सांगितले. ती म्हणाली, "असू द्या सर." ते असू देणे सोपे नाही.

यात यंत्राची चूक नाही. यंत्राने पहिल्या रात्री विचारले होते. विचारू नकोस असे आम्ही त्याला सांगितले. आपण असा 'होय' देतो तेव्हा समोर असलेल्या प्रश्नालाच देतो असे वाटते. प्रत्यक्षात तो पुढे येणाऱ्या, आपल्याला ठाऊक नसलेल्या प्रत्येक प्रश्नाला दिलेला असतो. आम्हांला चार चाचणीच्या फाइली दिसत होत्या, पाचवा प्रश्न दिसत नव्हता. आरा मशीनवाल्याला "तुमच्या मनाने कापा" म्हणून चहाला जाण्यासारखे हे. कापलेली फळी पुन्हा ओंडका होत नाही.

म्हणून आता आम्ही काम मागे सोडण्याआधी चार गोष्टी करतो. एक, कमांड खरोखर चालवण्याआधी ती नुसती छापून पाहतो, कोणती फाइल कुठे जाणार हे डोळ्यांनी वाचतो. दोन, 'वाय'च्या जागी 'एन' देतो. मग त्या नावाची फाइल आधीच असेल तर प्रोग्रॅम लिहिण्यास नकार देतो. सकाळी चार कामे अपुरी सापडली तरी चालतील, एकही बुडालेले नको. तीन, कामाने काय केले आणि कुठे अडले याची नोंद फाइलमध्ये घेतो, आणि ती वाचतो. न वाचलेली नोंद ही नोंद नव्हे. चार, निकाल कानाने ऐकल्याशिवाय मूळ पुसत नाही, आणि पुसण्याचे काम मागे कधीच टाकत नाही. ते पुढ्यात बसून करायचे.

पुण्यातही हेच

हे घरगुती वाटेल, पण मोठ्या यंत्रांचा कारभार याच तत्त्वावर आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाले आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. आज पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे. तिथल्या संशोधकाने लॉगिन केले म्हणजे यंत्र त्याच्या हाती आले असे नाही. तो एक चिठ्ठी लिहितो : इतके प्रोसेसर, इतका वेळ, ही कामे या क्रमाने. ती 'स्लर्म' नावाच्या व्यवस्थापकाकडे देतो, क्रमांक मिळतो, काम रांगेत लागते. मागितलेला वेळ संपला आणि काम उरले, तर व्यवस्थापक ते बंद करतो. कुलाब्याची कार्डांची खिडकी, आमच्या घरची काळी खिडकी आणि पुण्याची रांग, तिन्हीकडे माणूस आधी बोलतो आणि मग निघून जातो. बोलताना जे सुटले ते सुटले.

श्रोत्यांचे प्रश्न

एका विद्यार्थ्याने विचारले : सर, आता कामे स्वतःच निर्णय घेतील, विचारावेच लागणार नाही, मग?

उत्तर : मग 'वाय' आणखी मोठा होईल, एवढेच. निर्णय कोणी घेतला हा एक प्रश्न, आणि तो घेण्याची मुभा कोणी दिली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बदलेल. दुसऱ्याचे उत्तर आमच्या त्या रात्री जे होते तेच राहील.

एका ताईंनी विचारले : मागचे काम ऐकतच नसेल तर?

उत्तर : 'किल' कमांड आणि प्रोसेस क्रमांक. नाव भीतीदायक आहे, पण नुसते दिले तर ती विनंती असते, इशारा क्रमांक १५. काम आवराआवर करून संपते. आडवी रेघ आणि ९ दिला तर विनंती नाही, ऑपरेटिंग सिस्टीमच त्याला संपवते, आवरायला सवड मिळत नाही. म्हणून आधी १५, थोडे थांबा, मगच ९. घरातही हाच क्रम ठेवावा.

वेळ झाली. बाहेर आरा मशीन अजून चालू आहे. कोणाचे काम असेल तर जाताना एकदा खुणा बघून घ्या. इथेच थांबतो.